पत्त्यांचा धुरा

दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. आमच्याकडे म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. पुण्याकडच्या माणसापुढे हा शब्द काढला तर त्याला पक्षाची नाहीतर संस्थेची धुरा आठवते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आठवतो तो शेजारी, जो दर हंगामात नांगराचं एक तास इकडे सरकवतो आणि धुरा कोरत राहतो. मग तलाठी, मोजणी, तहसील आणि भावाभावांत पिढीभर अबोला. धुऱ्यावर काही पिकत नाही. तिथे गवत, बोरीचं झुडूप, फार तर एखादी बाभूळ. पण पावसाचं पाणी तोच अडवतो, बैल सावलीला बांधायची जागा तोच देतो आणि कुणाचं शेत कुठे संपलं हेही तोच सांगतो.

हे सगळं मला आठवलं ते टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांच्या, एका संचामुळे. दिवाळीच्या सुटीत भाची खामगावला आली ती पत्त्यांची एक पेटी घेऊन. जेवणं झाल्यावर तिने ती सगळी पानं चटईवर पसरली आणि म्हणाली, "मामा, ह्यांचा पांढरा काठ कापायचाय. धरू लागता का?"

प्रत्येक पानाला चारही बाजूंनी पांढरी पट्टी होती, शाळेच्या वहीत आपण समास सोडायचो तशी. काठ काढला की चित्र मोठं दिसतं, पानं शेजारी मांडली की एका चित्रातलं आभाळ दुसऱ्यात शिरतं, हातात धरायलाही संच आटोपशीर होतो, असं तिचं म्हणणं. हा तिच्या एकटीचा नाद नव्हे. टॅरो बाळगणारी मंडळी जगभर हा उद्योग घरी बसून करतात आणि त्यांच्यात काठ ठेवणारे आणि काठ कापणारे असे दोन पंथही आहेत.

मी स्वतः पानं लावून भविष्य बघत नाही आणि कुणी माझं सांगितलं तर चहा संपेपर्यंतच ऐकतो. पण कागद, छपाई आणि कापणी या गोष्टींत मला रस आहे, म्हणून बसलो. आधी हिशेब केला. टॅरोच्या संचात ७८ पानं. प्रत्येकाला चार बाजू म्हणजे ३१२ काप, आणि तितकेच कोपरे पुन्हा गोल करायचे. पान साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच. चारही बाजूंनी ४ मिलिमीटर काढले तर पानाचं क्षेत्रफळ ८४ चौरस सेंटिमीटरवरून साडेएकोणसत्तरच्या आसपास येतं. म्हणजे शंभरातले सतरा भाग गेले. याहून कमी जमिनीसाठी आमच्याकडे डोकी फुटली आहेत.

भाचीच्या हातातला संच ज्या घराण्यातला, ते घराणं लंडनमध्ये १९०९ साली सुरू झालं. आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाने कल्पना दिली, पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने चित्रं काढली आणि विल्यम रायडर यांच्या प्रकाशनसंस्थेने ती छापली. नाव चाललं ते प्रकाशकाचं आणि वेटचं. आता आता कुठे लोक स्मिथचंही नाव जोडू लागले आहेत. तिने चित्रांच्या कोपऱ्यात आपल्या आद्याक्षरांची वेटोळ्यासारखी एक खूण मात्र घातली. ही खूण खाली, चित्राच्या अगदी कडेला असते. कापताना पट्टी दोन मिलिमीटर आत सरकली की पहिला बळी तिचाच. कामाचे पैसे फारच थोडे मिळाल्याचं तिने स्वतः एका पत्रात लिहून ठेवलं आहे. तिची सहीसुद्धा आपण कापून केरात टाकावी हे काही बरं नाही, असं मी भाचीला सांगितलं. तिने भिंग आणलं आणि आम्ही एकेका पानावर ती खूण शोधत बसलो. अर्धा तास गेला, पण पट्टी नेमकी कुठवर आणायची ते त्यात ठरलं.

टॅरो मुळात भविष्यासाठी नव्हताच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या दरबारांत तो एक खेळ म्हणून जन्मला, हुकमांचा आणि डाव जिंकण्याचा. भविष्य त्याच्या गळ्यात पडलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्त्सा घराण्यासाठी १४५० च्या सुमारास रंगवलेल्या एका संचातली ७४ पानं आजही शिल्लक आहेत. काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, काही इटलीत बेर्गामोला. सोन्याच्या वर्खावर काढलेली ही पानं आजच्या टॅरोहून खूपच मोठी, उंचीला १७ सेंटिमीटरच्या वर. पानांना वरच्या बाजूला खिळ्याने पाडावं तसं भोकही आहे.

काठाचा खरा किस्सा मात्र इटलीच्या जरा नंतरच्या छापील पत्त्यांत आहे. तेव्हाचं पान म्हणजे कागदाचे दोन-चार थर पिठाच्या खळीने चिकटवून केलेला पुठ्ठा. असा पुठ्ठा कापला की कडेने थर सुटतात, पिसून पिसून फुलतात. त्यावर तिथल्या कारागिरांनी उपाय काढला. पाठीचा कागद पुढच्यापेक्षा थोडा मोठा घ्यायचा आणि त्याच्या चारही कडा पुढच्या बाजूवर दुमडून चिकटवायच्या, घरी वहीला कव्हर घालतो तशा. त्यामुळे पुढच्या बाजूला चित्राभोवती एक अरुंद पट्टी आपोआप तयार व्हायची. हा काठ शोभेचा नव्हता, ते पानाचं चिलखत होतं. साडीचा काठ जसा मुळात वस्त्र उसवू नये म्हणून घट्ट विणला गेला आणि पुढे नक्षी होऊन मिरवू लागला, तसंच हे.

छापखान्याच्या जमान्यात काठाला दुसरी नोकरी मिळाली. पत्ते एकेक करून छापत नाहीत. मोठ्या तावावर अनेक पानं एकदम छापतात आणि मग ताव कापतात. तावांची थप्पी कटिंग मशीनखाली सरकवताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. लग्नपत्रिका छापणाऱ्या कुठल्याही प्रेसमध्ये जरा वेळ उभे राहिलात तरी हे दिसेल. आता गणित बघा. काठ ५ मिलिमीटरचा असेल आणि ताव अर्धा मिलिमीटर सरकला, तर एका बाजूला साडेपाच, दुसऱ्या बाजूला साडेचार. कुणाच्या नजरेत येत नाही. काठ १ मिलिमीटरचा असेल तर एकीकडे दीड आणि दुसरीकडे अर्धा. आंधळ्यालाही दिसेल. काठ अजिबातच नको असेल, तर चित्र पानाच्या हद्दीपलीकडे तीनेक मिलिमीटर वाढवून छापावं लागतं. कापणी कुठेही पडली तरी पांढरं दिसत नाही. त्या वाढीव भागाला प्रेसवाले ब्लीड म्हणतात.

घरी कापणाऱ्यांसाठी या गणितातला धडा असा, की काठ थोडासा ठेवण्याच्या फंदात पडू नये. "एक मिलिमीटर ठेवू, छान रेघ दिसेल," असं भाचीचं पहिलं म्हणणं होतं. मशीनला जे जमत नाही ते चटईवर बसून ३१२ वेळा जमणार नाही. एकतर तीन-चार मिलिमीटरचा भरघोस काठ ठेवा, नाहीतर पूर्ण काढा. रायडरच्या पानावर चित्राभोवती एक काळी रेघ असते आणि तिच्या बाहेर पांढरं. ती रेघ ठेवायची की तिच्या आतून जायचं, हा पुढचा प्रश्न. रेघ ठेवली तर तिची जाडी प्रत्येक पानाला सारखी राखावी लागते, आणि ती राहत नाही. आम्ही आतून गेलो. या संचात मोठ्या, म्हणजे हुकमाच्या, पानांची नावं चौकटीच्या आत, खालच्या पट्टीवर असतात, म्हणून ती वाचतात. इतर बऱ्याच संचांत नाव काठावरच छापलेलं असतं. तिथे काठ गेला की पानं चेहऱ्यावरून ओळखावी लागतात.

चौकट हा शब्दही मजेचा. इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट. मराठीने पत्त्यांच्या एका रंगालाच चौकट म्हणून ठेवलं आहे.

पत्त्याचा काठ आपल्या मातीतही होता. सावंतवाडीची गंजिफा घ्या. बाबराने १५२७ साली सिंधकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, म्हणजे हा खेळ आपल्याकडे टॅरोला समकालीनच. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पानांची. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानं. चितारी मंडळी पुठ्ठ्यावर चिंचोक्याच्या खळीचा थर देऊन त्यावर रंगकाम करत आणि वरून लाखेचा थर देत. हा धंदा बुडत आला होता. १९७० नंतर तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या चिताऱ्यांकडून तो शिकून, राजवाड्यातच कारखाना काढून जगवला. गंजिफेत दोन कलमं, म्हणजे शैली, असत. दरबारी कलमात चित्राभोवती नक्षीचा काठ, बाजारी कलमात काठाला फाटा. राजाच्या घरी काठ, हाटात बिनकाठी! आज मात्र बिनकाठाचा टॅरो जास्त उंची मानला जातो. काळ फिरतो म्हणतात तो असा.

शिवाय गंजिफा गोल. कोपरेच नाहीत, मग दुमडायचं काय? कोपऱ्यांवरून आठवलं, आमच्या यात्रांमध्ये पूर्वी भविष्य सांगणारे पोपटवाले बसत. पोपट पिंजऱ्यातून तोऱ्यात बाहेर यायचा आणि चोचीने एक पाकीट ओढायचा. वन्यजीव कायद्याने देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे, त्यामुळे हे दृश्य आता विरळा. मी लहानपणी त्यांच्या पाकिटांकडे निरखून बघायचो. देवाच्या चित्राकडे नव्हे, कोपऱ्याकडे. काहींचे कोपरे चोचीने कुरतडून पार कापसासारखे झालेले असत, काही कोरे करकरीत. पोपटाला भविष्य कळो न कळो, धरायला सोपा कोपरा त्याला नक्की कळत असावा, ही माझी तेव्हापासूनची शंका.

आणि काठावर भविष्य वाचायचं म्हटलं तर आमच्या जिल्ह्याला बाहेर बघायची गरजच नाही. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या शेतात घट मांडतात. तीनेकशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ही मांडणी सुरू केली असं मानतात आणि त्यांच्याच घराण्यात ती चालत आली आहे. मांडणी अशी: मधोमध खड्डा. त्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्याची घागर, तिच्यावर नि भोवती पुरी, पापड, कुरडई, करंजी, पान-सुपारी. आणि या सगळ्याभोवती गोल आखून त्या गोलाच्या रेषेवर अठरा धान्यांच्या लहान लहान राशी: गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, करडई, सरकी, अंबाडी, भादली आणि बाकीची. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे सगळे जमतात. कुठलं ढेकूळ भिजलं त्यावरून पावसाचा महिना, पान-सुपारी जागची हलली का त्यावरून राजाची गादी. आणि पिकांचं? कुठल्या धान्याचे दाणे गोलाच्या आत सरकले, कुठले बाहेर सांडले, ते बघून.

रात्रीचा वारा, मुंग्या, उंदीर, पाखरं यांनाही त्या दाण्यांत रस असतो, हे सांगायला मी भेंडवळला जात नाही. दरवर्षी हजारो शेतकरी ते ऐकायला का जमतात, हे पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे घालणाऱ्यालाच विचारावं. मला त्यातली मांडणी आवडते. मधली घागर कितीही मोठी असली तरी पिकांचा निकाल लागतो तो रेषेवर. टॅरोवाला सगळं लक्ष मधल्या चित्राला देतो आणि काठ वाया गेलेली जागा समजून कापून टाकतो.

असो. कापणीकडे येऊ.

लागतात त्या वस्तू थोड्याच. स्टीलची फूटपट्टी हवी, प्लॅस्टिकची नको. प्लॅस्टिकला कटर चाटला की तिला खाच पडते आणि पुढचं प्रत्येक पान ती खाच गिरवतं. पट्टीच्या पाठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी चिकटवली तर ती गुळगुळीत लॅमिनेशनवरून घसरत नाही. पानाखाली कटिंग मॅट. ती नसेल तर जाड पुठ्ठा, पण तो सारखा फिरवत राहायचा, नाहीतर जुन्या कापाच्या चरीत पातं ओढलं जातं. आणि कटर.

तुकडे मोडत जायचं पातं ही ज्या माणसाची करामत, तो छापखान्यातच कागद कापायचा. जपानमधल्या ओसाकाचे योशिओ ओकादा. पात्याचं फक्त टोक बोथट होतं आणि अख्खं पातं फेकावं लागतं, हे त्यांना खुपत होतं. चांभार चामडं खरवडायला काचेचा तुकडा वापरतात आणि धार गेली की तो फोडून नवी धार काढतात, हे त्यांनी पाहिलं होतं. अमेरिकी सैनिकांकडची चॉकलेटची वडी खाचांवर मोडते, हेही पाहिलं होतं. दोन्ही जोडून १९५६ साली त्यांनी खाचा पाडलेलं पातं तयार केलं. आपण मात्र गंज चढेपर्यंत तेच टोक वापरतो. आमच्या घरात एक कटर आहे, त्याच्या टोकाने यंदा पेन्सिलही तासली गेली नाही. पत्ते कापायचे तर दर आठ-दहा पानांमागे एक तुकडा मोडायचा. पक्कडीने धरून, डोळ्यांपासून लांब, आणि मोडलेला तुकडा रिकाम्या डबीत.

बोथट पातं कापत नाही, ढकलतं. पत्त्याचा कागद बहुधा दोन थरांचा असतो आणि उजेडात पलीकडचं दिसू नये म्हणून मधल्या चिकटात काळपट रंग असतो. वर लॅमिनेशनचा पापुद्रा. बोथट पात्याने आधी हा पापुद्रा उचलला जातो, मग कड पांढरी फुलते, आणि चार वेळा पिसलं की तिथून सोलपट निघायला लागतं. धारदार पात्याने, चित्र वर ठेवून, एकाच जोरात न कापता तीन हलक्या ओढींत कापायचं. पहिली ओढ फक्त पापुद्रा छेदते, दुसरी कागदाच्या मध्यापर्यंत जाते, तिसरीला पट्टी सुटते. सुटताना एक बारीकसा आवाज येतो, वाळलेली तुरीची शेंग उकलावी तसा. तो आला नाही आणि ओढून काढावं लागलं, तर कडेला केस राहतात. ते पॉलिश पेपरने हलकेच घासावे, पण एका दिशेने.

आणखी एक गोष्ट घाटाखालच्यांसाठी. कागदाचे तंतू यंत्रातून निघताना एका दिशेला झोपलेले असतात. दमट हवेत ते लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात. त्यामुळे पान एका अंगाने वाकतं. मे महिन्यात खामगावात कूलरसमोर बसून पत्ते कापायला घेतलेत, तर समोरच्या पानांना ओली हवा लागून ती पन्हाळीसारखी होतील. वाकलेलं पान पट्टीखाली सपाट दाबून सरळ कापलं तरी सुटल्यावर काप सरळ राहत नाही. दिवाळीची कोरडी हवा बरी. आम्ही योगायोगाने बरोबर मुहूर्त साधला होता.

पानं उचलण्याआधी सराव. बहुतेक संचांत जाहिरातीची एक-दोन जादा पानं असतात, ती याच कामाची. त्यांतलं एक आधी नेमकं कापून घ्यायचं आणि तेच पुढे माप म्हणून प्रत्येक पानावर ठेवून बघायचं. कोपऱ्यांसाठी स्टेशनरीच्या दुकानात पंच मिळतो, ३, ५ किंवा १० मिलिमीटरच्या गोलाईचा. मोठी गोलाई पानाला बिस्किटाची कळा आणते. आम्ही ५ ची घेतली. कोपरे गोल करायचे ते दिसण्यासाठी नव्हे. टोकदार कोपरा पिसताना शेजारच्या पानाच्या पोटात शिरतो आणि स्वतःच दुमडतो. शेवटी कडेला मार्कर. काठ होता तोवर बोटांचा मळ तो अंगावर घ्यायचा. आता उघडी पांढरी कड मळते आणि मळली की पान जुनाट दिसतं, म्हणून पाच-सहा पानं घट्ट धरून कडेवरून मार्कर भरभर ओढायचा. पाण्याच्या शाईचा मार्कर नको, ती कागदात भिनते आणि चित्रावर तांबडी-निळी झालर उमटते. ही झालर आमच्या जाहिरातीच्या पानावर उमटली, म्हणून बाकीची वाचली.

इथपर्यंत काठाच्या तीन नोकऱ्या झाल्या: चिलखत, छपाईची चूक पोटात घालणं आणि बोटांचा मळ अंगावर घेणं. चौथी नोकरी पत्त्याच्या पाठीवर आहे आणि ती लंडनच्या एका जुगारखान्याला ७७ लाख पौंडांच्या दाव्यात कळली.

टॅरोत पान उलटं आलं तर त्याचा अर्थ बदलतो. म्हणून पाठीची नक्षी अशी लागते, की पान सुलटं आहे की उलटं ते मागून कळू नये. नक्षी काठाच्या आत मधोमध बसलेली असेल तोवर ठीक. बिनकाठी पाठीवर नक्षी थेट कडेपर्यंत जाते, आणि कापणी जराशी सरकली की एका कडेला अख्खा चौकोन, दुसऱ्या कडेला अर्धाच. २०१२ च्या ऑगस्टमध्ये फिल आयव्ही हा अमेरिकी जुगारी आपल्या सोबतिणीला घेऊन लंडनच्या क्रॉकफर्ड्स या जुगारखान्यात बसला. खेळ पुंतो बांको. सोबतीण, चेउंग यिन सुन, पत्ते वाटणाऱ्या बाईला सांगायची, की हे पान शुभ आहे, ते फिरवून ठेव. वाटणारीला वाटलं, श्रीमंत गिऱ्हाईक, अंधश्रद्धाळू. तिने पानं फिरवली. पण फिरवली गेली ती नेमकी सात, आठ आणि नऊ, त्या खेळात कामाची असलेली मोठी पानं. काही वेळाने कॅटातली सगळी मोठी पानं एका दिशेला तोंड करून होती आणि कडेच्या नक्षीवरून आयव्हीला ती मागून ओळखू येत होती. जुगारखान्याने जिंकलेले पैसे दिले नाहीत. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २५ ऑक्टोबर २०१७ ला निकाल आयव्हीच्या विरोधात लागला. पानाला कुणी नख लावलं नव्हतं, खूण केली नव्हती. फक्त काठ नव्हता आणि कापणी अंमळ सरकलेली होती. त्यातून अंधश्रद्धेचं सोंगही इतकं कामाचं ठरलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

भाचीला हे सांगितलं तेव्हा आमची साठेक पानं झाली होती. तिने लगेच कापलेली पानं उपडी करून दिव्याखाली धरली. तिच्या संचाची पाठ बारीक चौकटींची. अकरा पानांवर डावी कड आणि उजवी कड सारखी नव्हती. ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे पान उलटं येणार की सुलटं, ते मला आधीच कळणार." मी म्हटलं, "ज्योतिषाला आधी कळलेलं बरंच असतं." तिला ते आवडलं नाही.

आणि मग रथ आला. सातवं मोठं पान, दोन स्फिंक्स जुंपलेलं, एक काळा, एक पांढरा. रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि पट्टी माझ्या हातात होती. वरच्या बाजूने कापताना माझी करंगळी हलली असावी. माप ठेवून बघितलं तर पान अर्धा मिलिमीटर आखूड. डोळ्याला दिसतसुद्धा नव्हतं.

आखूड पानाला इलाज एकच: उरलेली ७७ पानं त्याच्या मापाची करायची. मोठं पान कापता येतं, आखूड पान वाढवता येत नाही. भाचीने ७७ पानांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि कटर मिटवला. चटईवर काठाच्या कतरणीचा ढीग पडला होता, सुपारीच्या खांडासारखा पांढरा. आईने सकाळी त्यातल्या लांब पट्ट्या वेचून कुरडयांच्या डब्यांवर नावं लिहायला घेतल्या.

आखूड पानाची ही जात जादूगारांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. मुद्दाम एक पान केसभर कापून कॅटात घालतात. कॅट डाव्या हातात धरून अंगठ्याने वरच्या कडेवरून पानं फर्रकन सोडत गेलं, की आखूड पानाशी अंगठा अडखळतो, हलकासा टिक असा आवाज होतो आणि कॅट तिथेच उघडतो. हात काय करतोय ते धरणाऱ्यालाही कळत नाही.

भाची पुढे संक्रांतीला आली, मग उन्हाळ्यात. दर वेळी संच काढते, पिसते आणि म्हणते, "मामा, डोळे मिटा आणि एक पान काढा." मी अंगठ्याने पानं सोडतो, वाटेल तिथे थांबतो. तीनदा काढलं. तीनही वेळा रथच आला.